गेलेल्या माणसाच्या हातची पत्री

"आबा, तू राहू दे. मना बैल लोटनले पाडू दे."

"कसाले? मना हात काय गहाण टाकेल शेतस?"

"हात ठीक शेतस तुना. बैल बुजस."

"बैल बुजस का तू बुजस, चंदन?"

चंदन बैलाच्या शेपटीतले गोखरू काढत राहिला. पस्तिशीचा गडी, कापूसवाला, जबान चुरूचुरू चालायची एरवी. आज शब्द दाताखाली अडकत होते.

"मनी माय म्हणस..."

"काय म्हणस तुनी माय?"

"काही नही. म्हणस, औंदा लोटनना हातथीन ठोकी लय."

कौतिक आबा मागं सरला. पाचोऱ्याच्या बैलबाजारात निंबाच्या झाडाखाली त्याची जागा. तिथं तो पालथ्या खोक्यावर दोन्ही पाय ठेवून बसला. पायांत गुडघ्यापर्यंत घट्ट मोजे, भर उन्हाळ्यात. पाय खाली सोडले की दुपारपर्यंत केळीच्या खोडासारखे सुजत.

पुतण्या लोटननं बैलाच्या पायात दोर गुंतवला, ओढला, बैल धप्पकन आडवा केला. चारी पाय गोळा करून लाकडाला आवळले. खूर तासला आणि खुराच्या मापाची लोखंडी पत्री ठेवून खिळा ठोकायला लागला. कौतिक नुसता ठोक्याकडे कान देऊन होता. तिसरा खिळा तिरपा गेला हे त्याला बसल्या जागी कळलं. सांगितलं नाही. चंदनची माय काय म्हणते ते त्याला पाठ होतं. ती म्हणते, गेल्या माणसाचा हात बैलाला लागू देऊ नको.

हा कौतिक बापजाद्यापासून नालबंद. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, तरी जे उरले ते त्याच्याकडे यायचे. पहूरपासून लोक बैल टेम्पोत घालून आणायचे. याच्या हातची पत्री वर्षभर हलत नाही असं म्हणायचे. माणूस आडव्या तोंडाचा. बैलाला शिव्या देणार नाही, मालकाला देईल. पन्नाशीला आला तरी एकटा बैल पाडायचा. आणि सोडतानाचा नेम त्याचा असा होता की दोर दुसऱ्याला सोडू द्यायचा नाही. पाडलेला बैल धोक्याचा नसतो. सोडलेला असतो.

गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी हाच नेम त्याच्यावर उलटला.

त्या दिवशी खांदेमळणी. आमच्याकडं आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावतात, शिंगं तासून रंगवतात. हौशी मालक शिंगं अशी तासतात की टोकावर माशी बसायची नाही. असाच एक हौशी आला. शिंगं तासलेली, वर लालभडक ऑइलपेंट, अजून पुरता वाळला नव्हता. उद्या मिरवणुकीत बैलाच्या पायात नवी पत्री वाजली पाहिजे, एवढाच त्याचा हट्ट. खरं तर शिंगं तासायच्या आधी पत्री ठोकायची, अशी जुनी चाल. कौतिकनं ती त्याला ऐकवली, शिवीही दिली, आणि सणाचा दिवस म्हणून बैल पाडला.

चारी पायांना पत्र्या झाल्या. कौतिक पाठीकडून दोर सोडत होता. शेवटचा पीळ पोटाकडून अडकला म्हणून तो पुढं वाकला. बैल उठला तो मान फिरवूनच उठला.

शिंग बेंबीच्या उजव्या अंगाला गेलं आणि निघालं. लोकांना वाटलं, धक्का लागला. कौतिकही म्हणाला, "काही नही, लागनं थोडं." सदरा वर केला तर बोट जाईल एवढं भोक, रक्त थोडंसंच. रक्ताहून रंगच जास्त दिसत होता. तो निंबाला टेकून बसला. पाणी मागितलं. पेला तोंडाला लावायच्या आत ओठ राखेसारखे झाले.

लोटननं डोक्याचं उपरणं सोडून त्याचं पोट आवळलं आणि त्याला पिकअपमध्ये घातलं. पाचोऱ्याच्या डॉक्टरनं दोन्ही हातांना सलाइन लावलं, पोटावर हात ठेवला, आणि म्हणाला, इथं उतरवू नका, जळगाव गाठा. रस्ताभर कौतिक एकच गोष्ट बोलत होता. पाय थंड पडलेत, गोधडी टाक. लोटन एका हातानं स्टेअरिंग धरायचा, दुसऱ्यानं त्याचे पाय चोळायचा.

जळगावात मेहरूणकडच्या एका दवाखान्यात डॉक्टर श्रेयांस म्हणून सर्जन. मारवाडी जैन घरातला, आजोबाचं पाचोऱ्याला धान्याचं दुकान. पेशंटची नाडी हाताला लागत नव्हती. त्यानं काही विचारलं नाही. स्ट्रेचर सरळ आत नेलं.

लोटन दाराशी उभा. बऱ्याच वेळानं एक सिस्टर रक्ताची पिशवी आणायला पळत बाहेर आली. चपलेचे लाल ठसे फरशीवर. लोटननं आडवं येऊन विचारलं. ती धावता धावता म्हणाली, "हृदय बंद पडलंय. प्रयत्न चालू आहेत."

आता आमच्या मुलखात "प्रयत्न चालू आहेत" हे वाक्य कुणी धरत नाही. ज्याला त्याला हेच सांगतात आणि मग मढं हातात देतात. लोटननं पहिलं वाक्य धरलं. दुपार कलायला आली होती. उद्या पोळा. सणाच्या दिवशी गावात मढं ठेवता येत नाही, आणि कौतिकच्या बायकोचं, कुंदाबाईचं, माहेर धुळ्याकडं, तिथून भावाला निघायला वेळ लागणार. दिवस मावळायच्या आत उरकायचं तर आत्ताच सांगायला पाहिजे. त्यानं आधी गावात फोन लावला, मग धुळ्याला.

"आबा गया," म्हणाला.

गावात घरी कुंदाबाई बैलांच्या पुरणाची डाळ निवडत होती. कौतिकची मोठी बहीण बेबाबाई, तरुणपणीच रांडावलेली, फोन ऐकून उठली. खरं तर हे काम मढं अंगणात आल्यावर करायचं. पण पोरं सरपण काढायला लागली होती, धुळेकर गाडीत बसले होते, आणि बेबाबाईला वाटलं, मढं आलं की वेळ मिळणार नाही. तिनं भावजयीला परसदारी नेलं. धुण्याच्या दगडावर तिचे दोन्ही हात ठेवले आणि वरवंट्यानं बांगड्या फोडल्या. पदरानं कपाळ पुसलं. डोक्यावरून पाणी ओतलं. डाव्या मनगटात काच रुतली, तिचं तिलाही कळलं नाही.

दिवस मावळताना लोटनचा दुसरा फोन आला. जित्ता शे.

अंगणात माणसं बसली होती तशीच बसून राहिली. कुणी हसलं नाही, कुणी देवाचं नाव घेतलं नाही. धुळ्याहून गिरधर, कुंदाबाईचा भाऊ, पांढरं पातळ घेऊन दारात उतरला होता. ते त्यानं काखेत दाबलं आणि पाणी मागितलं. मेल्याची रीत असते. आजारातून उठल्याची असते. हे सगळं फोडून-पुसून झाल्यावर माणूस जिता निघाला तर काय करायचं, याची रीत गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईलाही ठाऊक नव्हती.

कौतिक शुद्धीवर आला तेव्हा त्याला वाटलं, आपल्याला पाडलंय.

हात दोन्ही बाजूंनी बांधलेले, नळ्या उपटू नयेत म्हणून. तोंडात नळी, मान हलेना. कमरेखाली ओझं. कुणीतरी मानेवर बसलंय आणि खुरात खिळा ठोकतंय. तो शिव्या द्यायला गेला तर आवाज निघेना. नाकात ऑइलपेंटचा वास. पोटावर चादर नव्हती, प्लास्टिक होतं. प्लास्टिकखाली पोट उघडं, आत कापडं कोंबलेली. लोटननं ते काचेतून पाहिलं आणि भिंतीला धरून खाली बसला.

दोन दिवसांनी पुन्हा आत नेऊन कापडं काढली, पोट शिवलं. तरी ती कापडं कौतिकच्या पोटातून गेली नाहीत. घरी आल्यावरही जेवायला बसला की त्याला वाटायचं, आत अजून एक राहिलंय, ओलं. पाणी प्यायलं की ते पितंय.

दवाखान्यात कुंदाबाई रोज यायची. दोन्ही हात पदरात गुंडाळून उशाशी बसायची. जीभ सुटल्यावर त्यानं विचारलं, हात का झाकतेस? ती म्हणाली, आत बांगड्या चालत नाहीत, डॉक्टरनं काढायला लावल्या. त्याला पटलं. घरी आल्यावरही मनगटं मोकळी, कपाळ मोकळं, डाव्या मनगटावर जखमेचा गुलाबी वण. त्याला कुणी सांगितलं नाही. कुणाला सांगावं लागलं नाही. परसदारी तोंड धुताना धुण्याच्या दगडाच्या भेगेत त्याला हिरव्या काचेचा तुकडा दिसला.

तो तुकडा हातात घेऊन तो घरात आला.

"हाई काय शे?"

कुंदाबाई भाकरी थापत होती. "दिसस ते शे," म्हणाली. मग सगळं सांगितलं, भाकरी न थांबवता.

"मंग आते भर ना. मी आठेच शे."

"शे. दिसस माले."

"मंग?"

"तू जित्ता व्हता, अन् मी तुना नावन्या फोड्यात. जित्ता माणूसन्या फोड्यात मी." भाकरी तव्यावर टाकली. "आते भऱ्यात अन् तुले काही झायं तं? दुसरींदाव नही फोडावनार मन्हाकडतून."

बैलाच्या मालकाला गप्प करणारा माणूस, बायकोपुढं काचेचा तुकडा घेऊन उभा राहिला.

तसेच महिने गेले. कुंदाबाई त्याचं सगळं करायची. पाय भिंतीला वर लावून द्यायची, मोजे चढवायची, पथ्याचं घालायची. पण करायची ती परक्याचं करावं तशी, हळू, जपून, नजर न देता. बेबाबाई तर भावाच्या तोंडाकडं बघतच नव्हती. ताट सरकवायची आणि आत जायची. सणवाराला हळदीकुंकू निघालं की बायका कुंदाबाईच्या दारापुढं घोटाळायच्या आणि पुढं जायच्या. सवाशीण म्हणावी तर कपाळ मोकळं. रांड म्हणावी तर नवरा ओट्यावर बसलेला.

त्यात त्याच्या पोटावर शिरा उमटायला लागल्या. कमरेपासून वर छातीकडं, निळ्या, जाडजूड, वेलीसारख्या वळत गेलेल्या. आंघोळीला बसला की गल्लीतली पोरं बघायची आणि पळायची. एकदा बाजारात एका गोऱ्ह्यानं त्याचं पोट हुंगलं आणि फुरफुरत मागं सरला. गोऱ्हा कशालाही सरतो, पण चार माणसांनी पाहिलं होतं. कौतिक जिथं तिथं सांगायचा, मला काही झालं नव्हतं, टाके पडले, बरा झालो. तो जितकं सांगायचा तितकं लोक मान हलवायचे, आणि बैल लोटनकडं द्यायचे.

चंदननं बैल नाकारला त्याच आठवड्यात तपासणीची पाळी होती. लोटन, कौतिक आणि कुंदाबाई जळगावला गेले. कुंदाबाई आजवर डॉक्टरच्या खोलीत कधी आली नव्हती, बाहेर बाकड्यावर बसायची. त्या दिवशी आत आली आणि कुणी बस म्हणायच्या आधी बसली.

डॉक्टर श्रेयांसनं पोट दाबून पाहिलं, पाय पाहिले. म्हणाला, "छान. एक विचारायचं राहूनच गेलं, कौतिकभाऊ. तुमच्या पोटात तो लाल रंग कसला होता? धुऊन धुऊन थकलो."

"पोळाना," कौतिक म्हणाला.

कुंदाबाईनं पदर सावरला. "डाक्टर, खरं सांगा. यासनं काळीज थांबनं व्हतं का?"

"तू कसाले इचारी राह्यनी?" कौतिक खेकसला. "काही थांबेल नव्हतं."

डॉक्टरनं दोघांकडं पाहिलं. दुकानावर वाढलेला माणूस, अहिराणी त्याला कळत होती. खोटं बोलायला त्याला अर्धा क्षण होता, तो त्यानं जाऊ दिला.

"थांबलं होतं," तो म्हणाला.

"कवय?"

"मी पोट उघडलं तेव्हा." तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. "माउली, पायांकडचं सगळं रक्त वर काळजाकडं नेणारी एक महाशीर असते, मणक्याला चिकटून. शिंगानं ती फाडली होती. पण रक्त बाहेर न येता मागच्या पडद्याआड साचलं, आणि त्या साचलेल्या रक्ताचाच दाब शिरेवर बसला. त्या दाबावर ते जळगावपर्यंत आले. वरून लोटननं पोट आवळलेलं. मी उघडलं, आणि दाब गेला. सगळं रक्त एकदम वर आलं. मला माझे हात दिसेनात. भूल देणारा म्हणाला, गेला."

कौतिकनं सदरा खाली ओढला.

"मग छाती उघडली. मोठी धमनी मणक्यावर दाबून धरली, म्हणजे उरलंसुरलं रक्त मेंदूला आणि काळजाला मिळावं. आणि काळीज हातात घेऊन दाबत राहिलो. गार होतं. पिळलं की दबायचं, आपलं आपण काही करत नव्हतं. एकीकडून रक्त चढवत होते. कितीतरी वेळानं ते हातात फडफडलं." त्यानं आपल्या तळव्याकडं पाहिलं आणि हात टेबलाखाली घेतला. "शीर मात्र शिवली जाईना. पुढूनही भोक, मागूनही. टाका घालावा तिथं फाटायची. शेवटी वरून-खालून बांधून टाकली."

"बारं बंद करतस तसं," कौतिक हळूच म्हणाला.

"तसंच. पाटाचं बारं बंद केलं तर पाणी बाजूनं वाट काढतं ना? तुमच्या पोटावरच्या निळ्या शिरा म्हणजे ती वाट. त्यांना भिऊ नका, त्यांच्यामुळं पाय आहेत. आणि पोट उघडं ठेवलं, त्याचं लोकांना फार वाटलं, मला माहीत आहे. पण गार पडलेल्या माणसाचं रक्त गोठत नाही. तेव्हाच सगळं नीट करत बसलो असतो तर टेबलावरच संपलं असतं. म्हणून कापडं कोंबली, वरून झाकलं, ऊब दिली, रक्त दिलं, आणि थांबलो."

"डाक्टर," कुंदाबाई म्हणाली, "तवय बाहेर लोटन उभा व्हता?"

लोटन भिंतीशी उभा होता, तोच बोलला. "व्हतू काकू. सिस्टर तवयच बाहेर उनी. मी तवयच फोन करा."

कुंदाबाईनं दोन्ही मनगटं मांडीवर उलटी करून पाहिली.

"मंग जित्ता माणूसन्या नही फोड्यात मी," ती म्हणाली.

डॉक्टरला ते कळलं नाही. लोटन फरशीकडं पाहत राहिला. कौतिकला कळलं. बायकोच्या डोक्यावरचं ओझं उतरताना त्याला दिसत होतं, आणि ते उतरून आपल्याच, मेलेला ठरलेल्या माणसाच्या, डोक्यावर बसलं तेही.

जाताना डॉक्टर दारापर्यंत आला. "खोटं सांगायला पाहिजे होतं का?" त्यानं कौतिकला हळूच विचारलं. "सगळे परत येत नाहीत. जे येत नाहीत त्यांचं काळीज मला अजून हातात लागतं. तुमचंही लागतं, आणि तुम्ही तर समोर उभे आहात."

कौतिकनं त्याचा हात धरला नाही. लोकांच्या हाताला हल्ली तो आपणहून हात लावत नसे. "बरं करं," एवढंच म्हणाला.

पाचोऱ्याला उतरल्यावर कुंदाबाई बाजारपेठेत कासारणीपुढं जाऊन बसली. कौतिक आणि लोटन रस्त्यापलीकडं.

"कोनं लगीन शे, बाई?" कासारणीनं तिचं मोकळं मनगट दाबत विचारलं.

"मनं."

कासारणीनं तिच्या पांढऱ्या केसांकडं पाहिलं, मग रस्त्यापलीकडं मोजे घालून उभ्या माणसाकडं पाहिलं. पुढं विचारलं नाही. "लाल देऊ का?"

"लाल सोडीसन कोन्या बी दे."

घरी आल्यावर कुंदाबाईनं दोन्ही हात बेबाबाईपुढं धरले. "अक्का, तू बराबर करं व्हतं. तवय तो गयेलच व्हता. मंग माघारी उना." बेबाबाईनं बांगड्यांवरून हात फिरवला. मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं भावाकडं तोंड वर करून पाहिलं.

"मंग तठे काय देखं तू?"

"काही नही."

"आपली माय?"

"कोनीच नव्हतं, अक्का."

"बा?"

"नही म्हणस ना."

बेबाबाईला बरीच माणसं होती तिकडं. मग उठली आणि चुलीवरची भाकरी उलटली.

कौतिक मात्र त्या 'काही नाही'पाशी अडकून राहिला. दुपारी पाय भिंतीला लावून पडला की तो तिथं चाचपायचा. उपरण्याचा पीळ आठवायचा, पिकअपचं छत आठवायचं, पाय थंड पडल्याचं आठवायचं. पलीकडं हात बांधलेले आणि पेंटचा वास. मधे काय? अंधार म्हणावा तर तोही नव्हता. आणि त्या मधल्या जागी एक माणूस त्याचं काळीज हातात घेऊन बसलेला. कुंदाबाई आता त्याच्याकडं नीट बघायची, भांडायचीही, मोजे चढवताना बांगड्या वाजायच्या. त्या वाजल्या की त्याच्या छातीत कुणीतरी मूठ आवळायचं.

पुढच्या बाजाराला चंदन बैल घेऊन आला. लोटननं ठोकलेली मागची पत्री हलली होती. निंबाखाली पाच-सहा जण बसलेले. गोष्ट गावात पोचली होती, बायकांतून पोचते तशी.

चंदननं दोर हातात धरला, पण पुढं केला नाही.

"आबा, एक इचारू?"

"इचार."

"खरंच मरेल व्हता का तू?"

एरवी कौतिकनं शिवी दिली असती, टाके दाखवले असते, मला काही झालं नव्हतं म्हणून सांगितलं असतं. त्यानं खोक्यावरचे पाय खाली घेतले.

"हां. मरेल व्हतू," म्हणाला. "दोर दे."

चंदन त्याच्याकडं बघत राहिला. बाकीचेही. इतके दिवस माघारी कुजबुजायचं ते त्यानंच तोंडावर सांगून टाकलं होतं. चंदननं दोर दिला.

कौतिक बैलाच्या अंगाला टेकला. बैलाचा श्वास पोटावरच्या शिरांना लागला तसा तो क्षणभर डोळे मिटून उभा राहिला. मग दोर पायांत गुंतवला, लोटनला शेपटीकडं उभं केलं आणि ओढला. बैल आडवा झाला. पूर्वीसारखं उकिडवं बसता येत नव्हतं, म्हणून बैलाच्या खुरांशी पाय लांब करून तो जमिनीवर बसला, खूर मांडीवर घेतला आणि हलणारी पत्री उपटून फेकली.

"चंदन, मुंडकं दाबी धर," तो म्हणाला. "फोन वाजना तरी सोडू नको."

आणि त्यानं खुरावर नवी पत्री ठेवली, तोंडातला खिळा काढून तिच्या भोकावर टेकवला.